पहिलं कोण हसलं

वर्गात मी टीव्हीचा आवाज बंद केला की पोरं दरवर्षी तीच कुरकुर करतात. "मॅडम, आवाजाबिगर काय मज्या येणार हाय?" मजा येऊ नये म्हणूनच बंद केलाय, असं मी सांगते आणि वह्या काढायला लावते.

आमचा विभाग म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाला असलेली एक लांबट खोली. पूर्वी तिथं प्रयोगशाळेतलं मोडकं सामान टाकत. आता एक टीव्ही, दोन कॅमेरे, एक संगणक आणि मी. माध्यमांचा अभ्यास म्हणजे नेमकं काय, हे अजूनही लोक मला विचारतात. तेलगावातल्या माझ्या शेजारणीची तर पक्की समजूत आहे की मी बसने रोज सिनेमे बघायला जाते आणि संध्याकाळी दमल्याचं नाटक करते. मी तिच्याशी वाद घालत नाही. माझा स्वभाव तापट आहे आणि शेजारणीकडे दूध ठेवायला फ्रीज आहे.

तर आवाज बंद करून मी एखाद्या विनोदी कार्यक्रमाचा दहा मिनिटांचा तुकडा लावते. वहीत तीन रकाने आखायचे. विनोद कुणी केला, कुणावर केला, आणि पहिलं कोण हसलं. शेवटचा रकाना भरताना पोरांची दांडी गुल होते, कारण त्यांना वाटत असतं की हसू आपोआप येतं. आवाज नसला की दिसतं, कसं येतं ते. विनोद संपायच्या आधीच कॅमेरा खुर्चीत बसलेल्या पाहुण्यावर जातो. पाहुणा मागे रेलून हसतो. मग पहिली रांग, मग मागची, आणि सर्वांत शेवटी घरातले आपण. आपल्याला वाटतं आपण हसलो. खरं तर आपण होकार दिलेला असतो.

त्या वर्षी दुसऱ्या बाकावर दिंद्रुडची एक मुलगी बसायची. तिचे वडील साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. साहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. कॉलेज त्यांचं, दोन शाळा त्यांच्या, आणि मला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही हे ठरवणारी जूनमधली सहीसुद्धा त्यांचीच. मुलगी बोलायला कमी, बघायला भारी. बाकीचे तीन रकान्यांत अडखळत असताना तिनं आपल्या मनानं चौथा आखला. त्याला नाव दिलं होतं, "ज्याच्यावर हसले त्याचं तोंड".

"हे कशाला?" मी विचारलं.

"मॅडम, नीट बघा. त्या जाड्या बाईवर इनोद केला की लगीच तिचं तोंड दाखवतेत. ती बी हसायलीच ऱ्हाती. समद्या इनोदांत तसंच हाय. ती हसली नसती तर आपल्याला हसावं वाटलं असतं का?"

मी तुकडा पुन्हा लावला. खरंच तसं होतं. जिची टिंगल व्हायची तिचं हसरं तोंड दर वेळी, न चुकता, दोन सेकंद दिसायचं. अकरा वर्षं मी तो तास घेत होते आणि माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथं तिला खडू दिला आणि फळ्यावर समजावून सांगायला लावलं. ती घाबरत घाबरत म्हणाली की ज्याच्यावर हसायचं तोच हसताना दिसला की बघणाऱ्याच्या मनाची टोचणी जाते. बाकी वर्गानं ते मुकाट्यानं उतरवून घेतलं.

पुढं जाहिरातींच्या तासाला पोरांनीच तिचा चौथा रकाना उचलला. फवारणीच्या औषधाची एक जाहिरात होती. कापसाच्या रानात शेतकरी उभा, धोतराला चिखल नाही, तोंडाला फडकं नाही, पाठीवर पंप आणि चेहऱ्यावर हे एवढं हसू. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "औषध मारताना दात कोण काढतंय बे?" वर्ग खिदळला. ती मात्र म्हणाली, "हसरं तोंड बघितलं की भ्याव वाटत न्हाई, म्हणून दाखवायलेत." मी तिला शाबासकी दिली. तेव्हा मी फार शाबासक्या देत होते.

सिनेमाच्या तासाला मी एक साधी गोष्ट शिकवते. सुरुवातीला कॅमेरा ज्या वस्तूवर उगीच थांबतो ती वस्तू उगीच नसते. भिंतीवरची दोरी, टेबलावरची चावी, म्हातारीचा खोकला. पुढं केव्हातरी ती लागणार असते, आणि लागते तेव्हा आपल्याला नवल वाटत नाही, कारण आपण ती आधीच पाहिलेली असते. हे मी कुठल्याही वर्गाला सांगते. त्या वर्गालाही सांगितलं.

साहेबांचा वाढदिवस कॉलेजच्या हॉलमध्ये सकाळी झाला. संस्थेच्या कार्यक्रमांचं चित्रीकरण आमच्याच विभागाकडे असतं. पोरांना प्रात्यक्षिकाचे गुण मिळतात, संस्थेला फुकट व्हिडिओ मिळतो आणि मला पहिल्या रांगेत कॅमेऱ्याशेजारची खुर्ची मिळते. त्या दिवशी आधी तिचाच सत्कार होता. लघुपटांच्या एका स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं होतं. ती स्टेजवर गेली तेव्हा तिचे वडील पायऱ्यांपाशी साहेबांची बॅग धरून उभे होते. साहेबांच्या हातून तिनं ट्रॉफी घेतली आणि त्या माणसाच्या तोंडावर असं काही हसू आलं की दुसऱ्या कॅमेऱ्यावरच्या पोरानं आपण होऊन कॅमेरा तिकडं वळवला. शहाणा पोरगा. नुसतं स्टेज घेत बसला असता तर बरं झालं असतं.

मग साहेबांचं भाषण झालं. साहेब बोलतात छान. मधेच त्यांनी पायऱ्यांकडं हात केला. "ह्यो आमचा ड्रायव्हर. वीस वर्षं झाली. आता ह्येला समोरची म्हैस दिसंना गेली. पर म्हशीला आमची गाडी दिसती, म्हणून वाचायलोत आमी!"

हसू झालं, साहेबांचा सत्कार झाला, जेवणं झाली. मला एवढंच आठवत होतं.

दोन दिवसांनी संगणकावर ती तो व्हिडिओ कापत बसली होती. संस्थेला एक मिनिटाची रील हवी होती. मी मागं जाऊन उभी राहिले. म्हशीच्या विनोदापाशी ती थांबली होती.

"मॅडम, हितं जरा थंडच हाय, हसू लई उशिरा येतंय. काढून टाकू का?"

"काढू नकोस. साहेबांचा विनोद काढशील आणि तेच पहिले विचारतील. वरून हशा घाल." आमच्याकडे वर्गासाठी जमवलेले हशाचे आवाज होते, लहान, मोठा, टाळ्यांसकट. तिनं मधला घातला. मग मी म्हटलं, "आणि ह्याच्यामागून काय लागतं? तूच शिकवलंस की आम्हाला."

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी तिला चिडवत होते. खरंच चिडवत होते, दुसरं काही मनात नव्हतं. तिनं मग दुसऱ्या कॅमेऱ्याच्या तुकड्यांतून आबांचं ते हसू शोधलं, वडलांना ती आबा म्हणायची, आणि दोन सेकंदांचं कापून विनोदाच्या मागं जोडलं. इतकं बेमालूम बसलं की मी टाळी वाजवली. आता रील बघणाऱ्याला दिसत होतं की साहेब म्हणतात ह्याला दिसत नाही, हॉल हसतो, आणि ड्रायव्हर स्वतः मनापासून हसतो. तिला त्या प्रात्यक्षिकात मी वर्गात सर्वांत जास्त गुण दिले.

रील लई फिरली. दिंद्रुडच्या स्टँडवर आबा उतरले की चहाच्या टपरीवरून आवाज यायचा, "म्हैस आली, म्हैस, बाजूला व्हा!" ते हात वर करून हसायचे. हे तिनंच मला सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. मग शाळेच्या गॅदरिंगला साहेबांनी तोच विनोद पुन्हा केला. मग एका लग्नात, अक्षता पडल्यावर, माईक हातात होता म्हणून पुन्हा. आता लोक म्हैस हा शब्द यायच्या आधीच हसत.

तिसऱ्या खेपेनंतर ती वही घेऊन आली. तिनं तिन्ही वेळा तक्ता भरला होता. कुणी, कुणावर, पहिलं कोण, आणि आबांचं तोंड. मी तेवढा शेवटचाच रकाना वाचला. त्यात पहिल्यांदा लिहिलं होतं "खाली बघत होते". दुसऱ्यांदा "हसले". तिसऱ्यांदा "साहेबांच्या आधी हसले".

"मॅडम, मला बरं वाटत न्हाई ह्ये."

"अगं, मोठ्या माणसांची चेष्टा असते ती. वीस वर्षांचा घरोबा आहे."

"तुमीच शिकवलं न्हाई का, सुरवातीला उगंच दाखवलेली वस्तू नंतर लागती म्हणून? आबाला चांगलं दिसतंय. लांबचं बी दिसतंय. मंग कावून सारकं त्येच?"

मला राग आला. माझा विषय कुणी माझ्यावरच उलटवला की मला राग येतो. "ते सिनेमात. तिथं लिहिणारा असतो. इथं कोण बसलंय लिहायला?"

ती म्हणाली, "लिवायची गरजच न्हाई मॅडम. तयार हाय म्हणल्यावर कवा बी वापरता येतंय."

मी तिला तास सुरू व्हायला उशीर होतोय असं सांगितलं.

उसाची तोडणी संपत आली होती तेव्हा ते घडलं. दुपारी चारच्या सुमाराला गेवराईच्या अलीकडं हायवेवर साहेबांच्या गाडीनं एका बाईला उडवलं. डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती कडेनं घराकडं चालली होती. जागेवरच गेली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पाच ओळी होत्या. पहिल्या चार ओळींत साहेब गाडीत नव्हते हे आलं, कुठं होते ते आलं, गाडी ड्रायव्हर चालवत होता हे आलं. बाईचा नंबर पाचव्या ओळीत लागला. वर्गासाठी कात्रणं काढायची मला सवय आहे. मी कात्री घेतली, ओळी मोजल्या आणि मग मला माझीच शिसारी आली.

त्याच दिवशी दुपारपर्यंत ती रील पुन्हा आली. आधी प्राध्यापकांच्या ग्रुपवर, मग माझ्या माहेरच्या, मग तेलगावातल्या बायकांच्या. कुणीही खाली एक शब्द लिहिला नव्हता. लिहायची गरजच नव्हती. जाहिरातीच्या तासाला मी सांगते की चांगल्या जाहिरातीत बोलावं लागत नाही, बघणारा वाक्य आपल्या मनानं पूर्ण करतो. शेजारणीनं कुंपणावरूनच पूर्ण केलं. "त्येला दिसतच नव्हतं म्हणं. सोताच हसायलाय की बघा व्हिडिओत. असल्या माणसाच्या हातात गाडी द्यावी का कुणी?" आणि तिनं मला विचारलं की हे तुमच्याच कॉलेजचं ना. मी हो म्हटलं आणि घरात आले. 

मुलगी आठ दिवस आली नाही. नवव्या दिवशी आली ती सरळ विभागात, दार लोटून घेत.

"आबा गाडी चालवत नव्हते," ती उभ्यानंच म्हणाली. "साहेबांचा पुतण्या चालवत व्हता. आबा शेजारच्या शीटवर बसलते. पोलिसात मात्र सांगितलंय, मीच चालवत व्हतो म्हणून."

"का पण?"

"घरी लोक आलते. म्हणले, वीस वर्षं खाल्लंय साहेबाचं. जामीन करू, पोरीचं शिक्षण करू. आबा म्हणले, मी न्हाई म्हणलं तरी कोण ऐकणार हाय? समद्याला पटलंच हाय. तुज्याच व्हिडिओत मी हसायलोय की, म्हणले." ती रडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिला माझ्याकडून एक कागद हवा होता. त्यात एवढंच लिहायचं की रीलमधलं आबांचं हसू त्या विनोदाचं नाही, ते तिच्या सत्काराच्या वेळचं आहे, आणि हशा वरून घातलेला आहे. खाली सही. सोमवारी आबांना पुन्हा जबाबाला बोलावलं होतं. सोमवारच्या आधी हा कागद त्यांच्या हातात पडला, कुणीतरी शिकलेलं माणूस आपल्या बाजूनं लिहून देतंय असं त्यांना दिसलं, तर ते खरं बोलतील अशी तिची आशा होती. नाहीतर ते तुरुंगात जातील, तिनं सांगितलं, आणि परत कधी येतील ते साहेबांनाच ठाऊक.

मी म्हणाले, "बघते. दोन दिवस दे मला."

दोन दिवसांत मी कागद लिहिला नाही. प्राचार्यांनी मला बोलावलं, चहा मागवला, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. मग म्हणाले की कार्यक्रमांचं जुनं चित्रीकरण विभागात कशाला पडून राहायला हवं, संस्थेच्या कार्यालयात जमा करून टाका. जूनच्या नेमणुका लवकरच काढतोय, हेही बोलता बोलता म्हणाले. मी जाऊन हार्डडिस्क आणली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. पोच मागितली नाही. जिना उतरताना माझ्या मनात आलं की चला, आता माझ्या हातात काही उरलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा तसंच वाटलं होतं.

शुक्रवारी प्रकल्पांचं सादरीकरण होतं. तिचा नंबर आला. माझ्याकडं न बघता तिनं पेनड्राइव्ह लावला. रील कापायच्या आधीच तिनं सगळं चित्रीकरण आपल्याकडं उतरवून घेतलं होतं. तसं करायला मीच वर्गाला शिकवलं होतं.

"आधी रील बघा," ती म्हणाली. म्हशीचा विनोद आला, हशा आला, आबांचं तोंड आलं. मागच्या बाकांवर दोघंतिघं सवयीनं हसले आणि लगेच गप्प झाले. सगळ्यांना ठाऊक होतं ती कुणाची मुलगी ते.

"आता मूळचं बघा. तक्ता आखा."

फळ्यावर तिनं रकाने आखले आणि मूळचं आवाजासकट लावलं. साहेब म्हणतात, म्हणून वाचायलोत आमी. आणि पुढं काहीच नाही. पंखे वाजतायत, मागं कुणीतरी खुर्ची सरकवतंय. आबा पायऱ्यांपाशी खाली मान घालून स्वतःच्या चपलांकडं बघतायत. साहेबांची नजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं फिरत येते, सावकाश, आणि कॅमेऱ्याच्या शेजारी येऊन थांबते. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक हसू ऐकू येतं. बाईचं. मोठं, जरा जास्तच लांबलेलं. त्याच्या पाठोपाठ पहिली रांग हसते, मग मागची, मग सगळा हॉल.

स्वतःचं हसू ओळखायला वेळ लागत नाही.

तिनं चित्र थांबवलं. वर्गात चाळीस पोरं होती आणि एकानंही पेन उचललं नव्हतं. "पहिलं कोण हसलं?" तिनं विचारलं. माझाच प्रश्न, माझ्याच सुरात, इतकी वर्षं मी विचारत आलेला. आवाजात कडवटपणा नव्हता. एखाद्या अभ्यासू मुलीनं विचारावा तसा विचारला.

मी का हसले ते मला चांगलं माहीत आहे. तो विनोद मला आवडला नव्हता. साहेबांची नजर माझ्यावर आली आणि हॉल गप्प होता, आणि ती शांतता माझ्या नावावर जमा होईल अशी मला भीती वाटली. एवढंच. भ्यायलेलं माणूस इतकं खणखणीत हसू शकतं हे मला त्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं. मी उठले, फळ्यावर तिनं आखलेल्या तिसऱ्या रकान्यात "मी" असं लिहिलं आणि टेबलापाशी बसून वर्गासमोरच तो कागद लिहायला घेतला. वरून घातलेला हशा लिहिला, चोरून आणलेलं हसू लिहिलं, आणि माझं स्वतःचंही लिहिलं. खाली सही केली. 

कागद तिच्या हाती द्यायचं धाडस झालं नाही. तिनं एकटीनं तो घेऊन फिरू नये असं मला वाटलं. शनिवारी दुपारी मीच बसने दिंद्रुडला गेले. स्टँडवर उतरले तेव्हा टपरीवरच्या माणसांनी बोलणं थांबवून माझ्याकडं पाहिलं. तिचं घर विचारावं लागलं नाही, ती रस्त्यापर्यंत घ्यायला आली होती. येताना तिनं दोनदा मागं वळून बघितलं. "काय गं?" मी विचारलं. "काई न्हाई. सकाळपासून एक गाडी उभी हाय तिकडं."

आबा ओसरीवर बसले होते. मी त्यांना इतक्या वेळा पाहिलं होतं, पण ओळखायला क्षणभर लागला. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता. जाड भिंगांचा, एका बाजूची काडी दोऱ्यानं बांधलेली. दुसऱ्याच कुणाचा तरी जुना चष्मा.

"या मॅडम," ते उठले आणि त्यांचा पाय पाटाला अडखळला. मुलीनं हात धरला. तिचा चेहरा बघून मला कळलं की हे तिलाही नवीन होतं. एकदोन दिवसांचं असावं.

"हे कधीपासून, आबा?" मी विचारलं.

"साहेबाच्या लोकांनी आणून दिलाय. सोमवारपातूर सवय करा म्हणले." ते ओशाळून हसले. "लई गरगरतंय ह्येच्यातून. तुमी बसा की."

मी कागद पुढं केला. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, कागद हातभर लांब धरला आणि ओळीवर बोट न ठेवता सगळा वाचला. मधे रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, चांगला लांबून. त्यांनी मान वर केली, त्याचा नंबर पुटपुटले, कुणाचा ते ओळखलं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. ड्रायव्हरची सवय. मुलगी माझ्याकडं बघत होती, म्हणजे बघितलं ना मॅडम, असं. त्या क्षणी मला खरंच वाटलं की होईल. हा माणूस सोमवारी जाईल आणि सांगेल.

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"कागद बराबर हाय मॅडम. एक अक्षर खोटं न्हाई. पर हसले तर समदेच व्हते. टपरीवाले, लग्नातले, शाळंतले. किती जणांचा कागद आणताल?"

"आबा," मुलगी म्हणाली, "एकाचा तरी हाय ना."

"तुजं शिक्षण व्हऊ दे," ते म्हणाले. त्यांनी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला, दोरा कानामागं घातला आणि हात चाचपत भिंतीला टेकले.  मुलीनं माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि आपल्या वहीत ठेवला, तक्त्यांच्या वहीत. तिथं तो अजून आहे की नाही, मला माहीत नाही. सोमवारी आबांनी पहिलाच जबाब पुन्हा दिला.

पण त्या शनिवारी मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले. पायरी उंच होती. "बगून उतरा मॅडम," ते म्हणाले, "न्हाईतर त्या म्हशीवाल्या ड्रायव्हरसारकी गत व्हईल तुमची." आणि ते थांबले. वीस वर्षं साहेबांच्या शेजारी काढलेला माणूस विनोदानंतर जसा थांबतो तसे. मुलगी माझ्या तोंडाकडं बघत होती. मी हसले नाही. कुणीच हसलं नाही. रस्त्याच्या पलीकडं ती गाडी उभी होती, काचा वर केलेल्या.

मग ते स्वतःच हसले. मोठ्यानं, मनापासून हसावं तसे, त्या चष्म्यातून माझ्याकडं बघितल्यासारखे. पण मी होते त्यांच्या डाव्या हाताला, आणि ते बघत होते उजवीकडं, जिथं कुणीच नव्हतं.